कप्तानची आई

११ ऑगस्ट

डायरीबाई, उशीर झाला, माफी असावी. जानेवारीपासून तुम्ही कपाटावर पडून आहात आणि मी आज पहिल्यांदा पान उघडतोय. इतके महिने कोरे गेले त्याला कारण भीती, दुसरं काही नाही. शाळा पाचवीत सुटली. पुढे जन्मभर सही केली आणि बॉयलरच्या तक्त्यात आकडे भरले, लिहिणं म्हणून तेवढंच. नातीने तुम्हाला आणून दिलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, दिवसभराच्या काळज्या माझ्या डोक्यावर ओतण्यापेक्षा यात ओता. ही कंटाळत नाही."

तर ओततो.

मी एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायचो. काटा लाल रेघेकडे सरकला की झडप सैल करायची. मला काळजी करण्याचाच पगार मिळत होता म्हणा ना. पगार थांबला, काळजी थांबली नाही.

घरात आम्ही दोघं. मी आणि माझ्या मुलीची मुलगी. तिला मी ठकी म्हणतो. कॉलेजचं दुसरं वर्ष, रसायनशास्त्र. कॉलेज जवळ पडावं म्हणून आमचं गाव सोडून या चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. गेलं वर्ष पोरीचं फार वाईट गेलं. डबा जिन्यात एकटी बसून खायची. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा म्हणाली, "हजेरीला माझं नाव घेतात ना, तेव्हा सगळे मागे वळून बघतात, ही कोण म्हणून." मी म्हटलं, सोडून दे, परत जाऊ. नाही म्हणाली.

यंदा मात्र वेगळंच. गुणगुणत घरी येते. आंघोळ करताना मोठमोठ्याने एकटीच भांडते, दोन आवाजांत. जेवताना मध्येच हसते. हे काय नवीन?

१३ ऑगस्ट

विचारलंच शेवटी.

"संध्याकाळी कुठे असतेस?"

"तालमीला."

"कसल्या?"

"नाटकाच्या."

"रसायनाचं नाटक?"

असा ठसका लागला तिला हसून हसून, की पाणी द्यावं लागलं. म्हणाली, कॉलेजात नाटकाचा गट आहे, एक बाई तो चालवतात. यंदाचं नाटक ठकीने लिहिलं आहे आणि बसवतेही तीच. मी म्हटलं, "आणि परीक्षा?" तर म्हणाली, "गेला का लगेच काटा लाल रेघेवर?"

"कशावर आहे नाटक?"

"आहे असंच."

"मला दाखव ना एकदा."

"नको. तुम्हाला आवडणार नाही." आणि ताट उचलून आत गेली.

खालच्या चष्मेवाल्याला सांगितलं. भला माणूस आहे, पण जीभ तिरकी. म्हणाला, "काका, पोरगी हसायला लागली म्हणून कोणी डॉक्टरकडे नेतं का?"

"हसण्याचं कारण नको का कळायला?"

"कशाला? रडत होती तेव्हा कारण कळलं होतं तुम्हाला?"

मी वर आलो. अशा माणसाशी काय बोलायचं.

२१ ऑगस्ट

आज कॉलेजात जाऊन आलो. सकाळी गारवा होता आणि ठकी स्वेटर घरीच विसरून गेली. दुपारपर्यंत दम धरला, मग निघालो. कँटीनच्या मागे जुनी व्यायामशाळा आहे, तिथे यांची तालीम. छताला चढायचे दोर अजून लोंबताहेत. दार अर्धवट उघडं होतं. मी डोकावलो आणि आधी मला माझी नात ओळखूच आली नाही.

खुर्चीवर उभी होती. एक हात कमरेवर. खाली दहा-बारा पोरं आणि ही वरून हुकूम सोडते आहे. "ए उंटा, तू रडतोयस की शिंकतोयस? एक काय ते ठरव!" सगळे खो खो हसले, तो उंट नावाचा उंच पोरगाही हसला, आणि ही तर दात दाखवून हसली. ठकी लहानपणापासून तोंडावर हात ठेवून हसते. तिथे तिचे दोन्ही हात मोकळे होते. तिला सगळे कप्तान म्हणतात. "कप्तान, इथून येऊ का?" "कप्तान, हे बरोबर आहे का?"

मग प्रवेश सुरू झाला. बाकावर एक पोरगी पांढरी चादर घेऊन मेल्यासारखी पडलेली. डोक्यावर केसांचं जंगल, तिला झिपरी म्हणतात. ती आई. ठकी तिच्या पायाशी बसून बोलायला लागली. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, तिचे पाय गार पडले होते, मला वाटलं मोजे घातले तर ती उठेल, असं काहीसं. त्यांच्या बाई डोळे पुसत होत्या. मला मुळीच आवडलं नाही. चांगल्या धडधाकट आईची पोर, तिने असलं अभद्र कशाला लिहावं?

मी दिसताच ठकीचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. उंटाने मात्र धावत येऊन खुर्ची दिली, चहा आणला. हळूच म्हणाला, "आजोबा, सोसलेलं आहे ना, म्हणून असं लिहिता येतं तिला."

मी म्हटलं, "सोसते बाबा, फार सोसते. त्यातून ती प्रॅक्टिकलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

बाईंनी मला बसायचा आग्रह केला. त्यांच्याकडे रीत आहे. तालमीनंतर सगळे जमिनीवर गोल करून बसतात आणि प्रत्येकाने स्वतःची एक खरी गोष्ट सांगायची. मध्ये कोणी बोलायचं नाही, कोणी हसायचं नाही. पाहुण्यालाही सूट नाही. मी सरसावून बसणार तोच ठकीने माझं कोपर धरलं. "त्यांची औषधाची वेळ झाली." मला कसलं औषधबिषध नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा, पुन्हा इथे यायचं नाही. माझी शपथ आहे."

"का गं? लाज वाटते माझी?"

"तसं नाही."

"मग कसं?"

स्वेटर घातला आणि आत निघून गेली.

४ सप्टेंबर

ठकीला ताप. तोंड लालबुंद. डॉक्टर म्हणतात साधा आहे, पण त्यांचं काय जातं. मला म्हणाली, "उंटाला फोन करून सांगा, मी दोन दिवस येत नाही म्हणून. फोनच करा हं." आणि झोपली.

केला फोन. लागेना. पुन्हा केला, लागेना. तिकडे पोरं खोळंबली असतील, हिच्यावर चिडतील, हिला काढून टाकतील, असलं काय काय डोक्यात यायला लागलं. चष्मेवाल्याच्या बायकोला वर बसवलं आणि गेलो. शपथ मोडली खरी, पण कामासाठी गेलो होतो, उनाडायला नाही.

निरोप सांगितला. बाई म्हणाल्या, "आलात तर बसा, आजोबा. आज तिच्या जागी तुम्ही." बसलो. गुडघे मोडेनात तर दोघांनी धरून बसवलं. एकेकाने सांगितलं. उंट म्हणाला, अजूनही त्याला अंधाराची भीती वाटते. दुसरा एक म्हणाला, भावाचं लग्न झालं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी त्याला राग आला. कोणी हसलं नाही. मला वाटलं, बापरे, असं बोलता येतं? आमच्या धुलाईखान्यात असं कोणी बोललं असतं तर त्याला यंत्रात घालून पिळला असता.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मला रविवारची भीती वाटते. रविवारी मुलीचा फोन येतो. ती अर्धा तास गुडघ्याचं दुखणं सांगते आणि तेवढा वेळ ठकी गॅलरीत जाऊन उभी राहते."

"ठकी कोण?" एकाने विचारलं.

"तुमची कप्तान. घरी आम्ही ठकी म्हणतो."

"आणि मुलगी म्हणजे?" हे झिपरीने विचारलं. मध्ये बोलायचं नाही हा नियम तिनेही मोडला.

"म्हणजे तिची आई."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. उंट चाचरत म्हणाला, "आई... आहे?"

"आहे म्हणजे? चांगली ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर."

मग मला सगळं सांगावंच लागलं, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. ठकी सात वर्षांची असताना मुलगी तिला माझ्याकडे ठेवून गेली. आठ दिवसांत येते म्हणाली. मग तिने दुसरं लग्न केलं. आता दोन मुलगे आहेत. त्या घरात तिने ठकी आपली भाची आहे असं सांगितलंय. त्यात तिचा तरी काय दोष, संसार टिकवायचा तर माणसाला काहीबाही सांगावं लागतं. ठकी तेव्हा कितीतरी दिवस सकाळी बूट घालून दाराशी बसायची. काढू द्यायची नाही. रात्री झोपली की मी काढायचो. तिची शाळा बुडाली, एक वर्ष वाया गेलं, तेही सांगितलं.

इतकी शांतता होती, की कँटीनमधल्या कपबश्या ऐकू येत होत्या. मला वाटलं, फार कंटाळवाणं झालं की काय. पण बाईंनी माझा हात हातात घेतला. झिपरी रडत होती. आयुष्यात माझं एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. ही, म्हणजे माझी बायको, असताना तीसुद्धा मध्येच उठून दूध बघायला जायची.

परत आलो तर ताप उतरला होता. ठकीला काही सांगितलं नाही. उगाच शपथेवरून भांडण नको.

८ सप्टेंबर

ठकी आज कॉलेजात गेली आणि दुपारीच परत आली. चप्पल न काढता उभी राहिली.

"काय सांगितलंत तुम्ही तिथे?"

"कुठे काय? जे आहे ते."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, त्यांच्याकडे रीतच आहे तशी. खरं सांगायचं."

ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "आज मला सगळे ठकी म्हणाले."

"मग काय वाईट आहे? गोड नाव आहे."

आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. अशक्तपणा असेल. तापानंतर येतो.

१५ सप्टेंबर

आज घरी पाहुणे! बाई, उंट आणि झिपरी. खुर्च्या कमी म्हणून चष्मेवाल्याकडून स्टूल आणलं, ते डोळे तपासायचं. उंट त्यावर बसला आणि समोरच्या कॅलेंडरवरची अक्षरं वाचून दाखवायला लागला. हसलो सगळे. ठकी ओट्यापाशी चहा करत होती.

बाई म्हणाल्या, नाटक बदलायचं ठरतंय. मेलेल्या आईचं नाटक बरं होतं, पण हे फार खरं आहे. दाराशी बूट घालून बसलेली मुलगी आणि तिचा आजोबा. आणि आजोबाचं काम करायला, म्हणाल्या, आम्हाला दुसरं कोणी नकोच.

मी म्हटलं, "बाई, माझा जीव केवढा, शाळेत मी झाडसुद्धा झालो नव्हतो."

"तुम्ही काही करू नका, आजोबा. नुसते असा."

झिपरी ठकीकडे वळली. "तू नाही म्हणालीस तर नाही करणार हं आम्ही. कोणी रागावलेलं नाहीये तुझ्यावर. उलट सगळ्यांना इतकं वाईट वाटलं गं तुझ्यासाठी. तुझं काम तुझ्याकडेच राहील."

ठकीने ट्रे ठेवला. एकही थेंब सांडला नाही. म्हणाली, "माझं काम तू कर. तुला छान जमेल. नाटकही करा."

"तू बसवणार ना पण?"

"बाई आहेत ना."

मोठ्या मनाची पोर आहे. माझ्यासाठी सोडलं तिने, अभ्यासही आहे म्हणा.

२६ सप्टेंबर

तालमी सुरू झाल्यापासून डायरीबाईंकडे दुर्लक्ष झालं. वेळच मिळत नाही. मी वेळ मिळत नाही म्हणतोय! चष्मेवाला हसतो. "काय काका, कॉलेजकुमार!"

तिथे माझा वेगळा कप आहे. झिपरीने त्यावर रंगाने आजोबा लिहिलंय. मी उशिरा पोचलो तर पोरं फाटकापर्यंत बघायला येतात. उंट माझी नक्कल करतो, गॅस बंद केला का, कडी लावली का, पाकीट आहे का, अशी खिसे चाचपत, आणि मीच सगळ्यांत जास्त हसतो. मी पैसे देण्याआधीच कँटीनवाला कप पुढे करतो. वाचनालयातल्या पोरी नमस्कार करतात. मी वाक्यं विसरतो तर बाई म्हणतात, "विसरा, तेच हवंय."

आज गोलात बसून माझी खरी गोष्ट सांगितली. मला आजवर वाटायचं, की मी बॉयलरजवळ बसण्यासाठी जन्मलो. तसं नव्हतं. मला हे हवं होतं, चार माणसांत बसून बोलणं, आणि त्यांनी थांबून ऐकणं. या वयात कळून काय उपयोग, पण कळलं.

दिवसभरात काळजी अशी आज केलीच नाही. घरी येताना ते लक्षात आलं आणि मग त्याचीच थोडी झाली.

५ ऑक्टोबर

चष्मेवाल्याने दुकानात बोलावून घेतलं. एरवी गिऱ्हाईक असलं तरी चेष्टा करतो, आज नाही केली.

"काका, तुमची नात कॉलेजला जात नाही. तुम्ही निघालात की अर्ध्या तासाने परत येते. संध्याकाळपर्यंत वर असते. माहीत आहे का?"

वर जाऊन विचारलं. ठकी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर केली नाही.

"जाऊन काय करू? वर्गात गेले तरी तेच, कँटीनमध्ये गेले तरी तेच. सगळे माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतात. उंट माझी चेष्टा करत नाही आता. खुर्ची ओढून देतो. मला! खुर्ची!"

"प्रेमाने देतो गं."

"हो."

"मग?"

"तुम्हाला बरं वाटतंय ना तिथे?"

मी खरं तेच सांगितलं. "फार बरं वाटतं."

"मग झालं तर." थोड्या वेळाने म्हणाली, "मला सगळ्या जगात एकच जागा मिळाली होती, आजोबा. मी स्वतः शोधली होती ती."

"अगं पण तुला कोणी जा म्हटलंय का? एवढा मोठा हॉल आहे, सगळे मावतो आपण!"

माझ्या शर्टाची घडी घालून तिने ती गादीवर ठेवली. वरून हात फिरवला.

मला तर वाटतं तिला थोडा हेवा वाटतो. साहजिक आहे. नाटक तिचं होतं. प्रयोग झाला की मी बाजूला होईन, मग सगळं पहिल्यासारखं होईल. बाईंशी बोललो, त्याही तेच म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर

प्रयोग झाला.

सकाळी ठकीनेच मला तयार केलं. कोटाची बटणं लावली, कॉलर नीट केली. म्हणाली, "घाई करू नका. शेवटचं वाक्य झालं की एकदम वळू नका, थोडे थांबा. लोकांना तुमची पाठ बघायची असते." मी म्हटलं, "बाईंनी हे सांगितलंच नाही." ती म्हणाली, "त्यांना माहीत नाही." मग म्हणाली, "चांगलं करा." मी म्हटलं, "पुढच्या रांगेत बस हं." तर मान हलवली, होय का नाही ते कळलं नाही.

सभागृह खचाखच. झिपरी दाराशी बूट घालून बसली आणि मी वाकून तिच्या बुटाच्या नाड्या सोडल्या, तेव्हा लोकांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. शेवटी मी थांबलो, ठकीने सांगितलं तसा. मग वळलो. टाळ्या थांबेनात. पोरांनी उचललं मला. पहिल्या रांगेत बघितलं, ठकी नव्हती. गर्दीत मागे असेल म्हटलं.

आता घरी आलोय. घरात नाही. मैत्रिणीकडे गेली असेल. पण मैत्रीण कोण?

१५ ऑक्टोबर

आली नाही. तिची बॅग नाही, चादर नाही. चष्मेवाला म्हणतो, प्रयोग सुरू व्हायच्या सुमाराला किल्ली देऊन गेली. त्याला वाटलं गावी चालली. कॉलेजच्या ऑफिसात गेलो, तर दाखला चार दिवसांपूर्वीच काढून नेलेला. फोन बंद. पोलिसांत जाऊन आलो. हवालदाराने वय विचारलं, सांगितलं, तर म्हणाला, "सज्ञान आहे, आजोबा. स्वतःच्या पायाने गेलीय. भांडण झालं होतं का?"

"छे. कोटाची बटणं लावून दिली तिने."

तो लिहिता लिहिता थांबला. मग कागद बाजूला ठेवला.

१९ ऑक्टोबर

झिपरीला गाठलं. म्हटलं, तुला तरी काही बोलली असेल. रडायला लागली. मग सांगितलं. ठकीने गटात पहिल्याच दिवशी गोलात सांगितलं होतं, की माझी आई मी सात वर्षांची असताना वारली. ही तिची खरी गोष्ट. त्यावरच नाटक होतं. "आम्हाला खोटं बोलली म्हणून राग नाही आला, आजोबा. आम्हाला तिची दया आली. तिला तीच नको होती."

मी जागच्या जागी तापलो. जिवंत आईला मारलं! एवढं खोटं! ज्या गोलात खरं सांगायचं त्याच गोलात! आणि मी मूर्ख, तिच्या खोट्याला भोक पाडणारा, मला एक शब्द नाही. सांगायचं होतं मला! मीही म्हटलं असतं, मेली म्हणून. म्हटलं असतं का? माहीत नाही.

चष्मेवाल्यासमोर हेच सगळं तावातावाने बोललो. तो काच पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "काका, तुमच्या मुलीने पोटच्या पोरीला भाची केलं. ते तुम्ही चालवून घेतलंत. पोरीने आईला मेली म्हटलं, तर एवढा संताप?"

"ते वेगळं."

"कसं?"

रागात त्याच्या दुकानातून निघून वर आलो.

२१ ऑक्टोबर

रविवार. मुलीचा फोन. आधी गुडघा. मी मध्येच तोडलं आणि विचारलं, ठकी तुझ्याकडे आली का.

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला येईल ती?"

"आई आहेस तू तिची."

"हळू बोला, बाबा. फोन स्पीकरवर आहे, मुलं इथेच आहेत." मग मोठ्याने, तिकडच्यांना ऐकू जाईल असं, "भाचीचं काही कळलं की कळवा हं मला."

मी फोन ठेवून दिला. सवयीने गॅलरीकडे बघितलं. दोरीवर माझाच शर्ट वाळत होता.

३ नोव्हेंबर

उंट आणि बाई आल्या होत्या. दुसऱ्या कॉलेजने प्रयोग मागितला आहे, वीस तारखेला. बाई म्हणाल्या, "तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. जबरदस्ती नाही." उंट खाली बघत होता. त्याने विचारलं, "आजोबा, कप्तानचं काही...?" मी मान हलवली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा कप्तान म्हणाला.

मी नाही म्हणणार होतो. देवाशपथ, जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं, "तालीम किती वाजता?"

ठकी, तू ही डायरी वाचायला इथे नाहीस हे मला कळतं. तरी लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहू, पत्ता नाही. तुझी जागा मी घेतली असं चष्मेवाला म्हणतो. मला तसं दिसत नाही. मी ती मागितली नव्हती, मला बोलावलं. पण तू गेल्यापासून मी दोनदा तिथे गेलो, पोरांनी माझा कप पुढे केला आणि मी तो घेतला, हेही खोटं नाही. घरी बसलो की तू नाहीस. तिथे गेलो की निदान झिपरी बूट घालून दाराशी बसते. खोटी तर खोटी. मी नाड्या सोडतो. तेवढ्या वेळापुरतं बरं वाटतं. याला काय म्हणायचं ते तू सांग, तू शिकलेली आहेस.

वीस तारखेला प्रयोग आहे. तू नको म्हणालीस तर जाणार नाही. बाईंना तोंडावर सांगेन, नात नको म्हणते. कुठे आहेस, काय खातेस, काही विचारत नाही. आजोबा म्हणून हाक मारू नकोस वाटलं तर. कुणाच्या तरी फोनवरून चष्मेवाल्याच्या दुकानात 'नको' एवढंच कळव. वीसच्या आत कळव. माझा माझ्यावर भरवसा नाही, पोरी, लवकर कळव.